वेणूमावशींचा कच्चा कागद

वेणूमावशी, माझ्या व्यवसायात एक नियम आहे. कोणताही कागद पुढे पाठविण्यापूर्वी तो ज्याच्या वतीने लिहिला त्याला वाचून दाखवावा, आणि त्याने मान्य म्हटले की मगच खाली सही अथवा अंगठा घ्यावा. हा कागद तुम्हाला वाचून दाखविता येणार नाही. काल तुमची तेरवी झाली. वृद्धाश्रमात वरणभात, वांग्याची भाजी आणि शिरा होता. मारोतरावांनी शिरा दोनदा घेतला, आणि दुसऱ्यांदा घेताना तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "असती तं म्हनली असती, पोट हाये का पोतं." आधी कोणी हसले नाही. मग सगळेच थोडे थोडे हसले.

तुमचे वय, तुमचे गाव, तुम्हाला आश्रमात कोणी व केव्हा दाखल केले, या बाबी व्यवस्थापकांच्या रजिस्टरात आहेत. त्या तिथेच राहू द्याव्यात. मला जे लिहावयाचे आहे ते रविवारांविषयी आहे, आणि त्यातील एका रविवारी माझ्या हातून जे झाले त्याविषयी.

तुम्हाला आठवत असेल, पहिल्या रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. एका बँकेने बदलून टाकलेले दोन संगणक आश्रमाला मिळाले होते. ते स्वयंपाकघरालगतच्या खोलीत मांडले, आणि पंचायत समितीतून टंकलेखक म्हणून निवृत्त झालेल्या कुंदाताईंनी ठरविले की इथल्या माणसांना त्यावर मन रमविता आले पाहिजे. त्यांनी मला बोलाविले, कारण नेरमध्ये संगणकावर मराठी टंकन जाणणारी, शिवाय रविवारी घरी कोणी वाट पाहत नसणारी व्यक्ती मीच होतो. या दोन कारणांपैकी पहिले कारण तेवढे मी लोकांना सांगत असे. मी नववीपर्यंत शिकलो आहे. तथापि, तहसील कार्यालयासमोर टेबल मांडल्यापासून माझ्या मसुद्यात एकाही साहेबाने काना-मात्रेची चूक काढलेली नाही. अडलेला कागद कोणत्या टेबलावर अडला आहे हे मी बसल्या जागी सांगतो, अशी माझी ख्याती आहे.

म्हणून त्या दिवशी मी 'अर्ज कसा लिहावा' या विषयावर बोललो. आधी विषय, मग संदर्भ, मग मजकूर, शेवटी मागणी. अर्धा तास झाला तेव्हा समोरचे निम्मे लोक झोपले होते. तुम्ही मागच्या बाकावर सुपात तुरीची डाळ निवडत बसला होता. तुम्ही मान वर न करता विचारलेत, "वकीलसाहेब, झालं का तुमचं? का अजून जज यायचे हायेत?"

मी वकील नाही, अर्जनवीस आहे, असे मी स्पष्ट केले.

"मंग बिनकोटाचे वकील म्हना," तुम्ही म्हणालात, आणि झोपलेले सगळे जागे झाले.

मला राग आला होता, मावशी. आज कबूल करतो. मी घरी जाऊन कुंदाताईंना कळविणार होतो की माझ्याने हे होणार नाही. पण त्याच वेळी त्यांनी तुम्हाला समोरच्या खुर्चीत बसविले आणि विचारले, "तुमचं गाव कोणतं?" राळेगावापासून दोन कोस आत, असे तुम्ही म्हणालात. कुंदाताईंनी संगणकावर आकाशातून टिपलेला नकाशा उघडला. आधी नुसते हिरवे-तपकिरी ठिपके होते. मग शेते दिसू लागली, मग रस्ता, मग नाला, मग छपरे. तुम्ही सूप मांडीवरून खाली ठेवलेत.

"हे कोन काढते फोटो?"

"वर यंत्र फिरतं, मावशी. आकाशात."

"मंग त्याले म्हनाव जरासा खाली ये. मले माह्या घराचं दार पाहू दे."

दार काही दिसले नाही. पण टिनाचे छप्पर दिसले, आणि छपराच्या शेजारी एक मोठा गडद हिरवा गोल. तुम्ही त्या गोलावर बोट ठेवलेत आणि बराच वेळ काढलेच नाही. आम्हाला वाटले तुम्हाला बरे वाटत नाही. मग तुम्ही हसलात. "चिंच हाये हे. आमची चिंच. तोडली हो हे, पाच वर्सं झाले. न पाय कशी उभी हाये. याले खबरच नाही!"

ते छायाचित्र जुने होते. नकाशा बदलणारांना तुमच्या गावाची घाई नव्हती. पुढच्या प्रत्येक रविवारी तुम्ही डाळ-भाजीचे काम उरकून आधी तिथे येत होता, स्वतः संगणकाचा उंदीर हातात धरून गाव शोधत होता, आणि झाड जागेवर आहे अशी खात्री झाली की मगच दुसऱ्याला खुर्ची देत होता. मारोतरावांना पत्ते खेळायचे असत. ते मागे उभे राहून कुरकुरत, "झालं का वो? झाड का पळून चाललं?" आणि तुम्ही म्हणत होता, "तुमचा राजा तरी कुठी पळून चालला? दोन महिने झाले, येऊनच नाही राह्यला." मारोतरावांचे ठाम मत होते की संगणक त्यांच्याशी खोटा खेळतो. तुमचे मत होते की संगणकाला माणूस कळतो.

झाडाची हकिगत तुम्ही एकदम सांगितली नाही. ती थोडी थोडी आली, जशी डाळीतून खडे येतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात तुम्ही स्वयंपाकीण होता. पहाटे कामावर जाताना तान्ह्या मुलाला, दिनेशला, चिंचेच्या फांदीला लुगड्याचा पाळणा करून निजवीत होता, शेजारीण लक्ष ठेवी. पुढे तोच दिनेश मोठा झाला, नागपूरला नोकरीला लागला, गावचे घर नीट करायला घेतले, आणि तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला असता त्याने झाड तोडविले. परत आलात तर अंगणात ऊन पडले होते. "पहिल्यांदा मले वाटलं घर चुकलं," तुम्ही म्हणालात. पंधरा दिवस तुम्ही त्याच्याशी बोलला नाही. मग तोही बोलेनासा झाला. गावी तुम्ही एकट्या राहू शकत नव्हता आणि नागपूरला तुम्ही जाणार नव्हता. चार दिवस राहून पाहा, असे म्हणून त्याने इथे आणून सोडले. सणावाराला तो व्यवस्थापकांच्या फोनवर बोले. "हो हो म्हनते न ठेवते," एवढाच त्याचा वृत्तान्त तुम्ही देत होता.

माझ्याविषयी मात्र तुम्ही सरळ विचारलेत. "तुह्या घरी कोन हाये रे?" मी म्हटले, घर आहे. पत्नी वारली, मूलबाळ नाही, हे मी सांगितले नाही, कारण विचारलेल्याच मुद्द्याचे उत्तर द्यावे ही माझी सवय. तुम्ही पुढे विचारलेत, "तुले कोनी कागद धाडते का?" पुष्कळ येतात, कार्यालयीन, असे मी म्हटले. "ते कागद नव्हे," तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतरच्या रविवारपासून फडक्यात बांधलेली अर्धी भाकर व ठेचा माझ्यासाठी बाजूला राहू लागला. मी बिस्किटे खातो हे तुम्ही केव्हा पाहिले, मला ठाऊक नाही. त्या भाकरीबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटले नाही. आभाराचा मसुदा मी आजवर फक्त साहेब लोकांच्या बदलीच्या वेळी केलेला आहे.

आता तो रविवार.

तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, दिनेशले एक पत्र लिहून दे. फोनवर तो हो हो म्हनते. पत्र त्याले दोनदा वाचता येईन."

मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत तुम्ही माझ्याकडे माझ्या विद्येचे काम प्रथमच आणले होते. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्यांनी मला पद्धत घालून दिली होती, ती अशी : माणूस जे बोलतो ते आधी कच्च्या कागदावर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यातून मग पक्का मसुदा करावा. कच्चा कागद तारेला ओवून वर्षभर ठेवावा, म्हणजे उद्या तो माणूस फिरला तर त्याचे मूळ बोलणे आपल्यापाशी असते. मी पिशवीतून कागद काढला आणि लिहू लागलो. तुम्ही सांगत होता, सांगताना संगणकातल्या झाडाकडे पाहत होता. सात-आठ ओळी झाल्या. मग मी विचारले, "विषय काय घालू?"

"विषय कायचा रे? माय हाये मी त्याची."

"तसे नाही. मागणी काय आहे?"

"काहीच नाही."

"मागणी नसेल तर अर्ज कशाला?"

"अर्ज नाही बाप्पा, पत्र हाये. मागायचं असतं तं फोनच नसता केला का?"

यावर आपण पाऊण तास वाद घातला. कुंदाताईंनी मध्ये चहा आणून ठेवला, तो तुम्ही प्यालात, माझा निवला. माझे म्हणणे असे होते की ज्या कागदात काही मागितलेले नसते तो कागद वाचणारा बाजूला ठेवतो. मी हे तीस वर्षे पाहतो आहे. तुमचे म्हणणे असे की मुलगा म्हणजे कचेरी नव्हे. शेवटी तुम्ही दमलात. "कर तुले समजते तसं. तू शिकलेला हायेस."

हे वाक्य मला त्यापूर्वी कोणी म्हटले नव्हते. मी जीव ओतून मसुदा केला. 'विषय : घराच्या आवारातील चिंचेचे झाड तोडल्याबाबत व प्रत्यक्ष भेटीस हजर राहणेबाबत.' खाली लिहिले की, सदरहू झाड अर्जदार हिच्या संमतीविना तोडण्यात आले असून त्यामुळे तिला अतोनात मानसिक क्लेश झालेले आहेत. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत आपण प्रत्यक्ष हजर राहावे. अशा कागदात यापुढे 'अन्यथा' असा शब्द येतो आणि मग पुढील कार्यवाहीचा उल्लेख येतो. तो मी मुद्दाम घातला नाही. मावशी, मला वाटले की तीच माया.

नियमाप्रमाणे मी मजकूर वाचून दाखविला. तुम्ही कान देऊन ऐकलेत. मग विचारलेत, "यात माहा राग गेला, हे कुठी हाये?"

"ते गर्भित आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे आत आहे. वरून दिसत नाही."

"मंग त्याले कसं दिसन?"

"समजदार माणसाला दिसते."

तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात. "पोरगा समजदार हाये माहा," असे म्हणालात, आणि मान हलविलीत. आश्रमाची अजून ई-मेलची पेटी नव्हती, म्हणून मी माझ्या पेटीतून ते पत्र रजिस्टरातील पत्त्यावर पाठविले. पत्र गेले असे दिसताच तुम्ही टाळी वाजविलीत. "पोस्टमन नाही, काही नाही. गेलंही!"

चौथ्या दिवशी उत्तर आले. भर दुपारची वेळ होती, माझ्यासमोर सातबाऱ्याच्या कामाचे दोघे बसले होते. दिनेशने लिहिले होते की, घर आणि जागा आईच्या नावावर करून देतो, सही कुठे करायची ते तिच्या वकिलाने कळवावे. झाडाची मुळे भिंतीखाली गेली होती, हे त्याने तिला तीनदा सांगितले होते. शेवटी होते : 'तिला मला भेटायचं नाही, तारखेवर हजर करायचं आहे. मी येणार नाही.'

मी मोबाईल उपडा ठेवला आणि समोरच्यांना म्हटले, आज होणार नाही, उद्या या. ते गेल्यावर मी एक खुलासा लिहावयास घेतला. 'विषय : यापूर्वीच्या पत्राबाबत खुलासा.' पुढे जाईना. खुलाशात लिहावे लागणार होते की माझा मसुदा चुकला, आणि ते ज्या वाक्यात लिहिता येईल असे एकही वाक्य मला येत नव्हते. तो कागद मी फाडला.

रविवारी तुम्ही दारातच विचारलेत, "आली का चिठ्ठी?"

मी म्हटले, "नाही."

त्या एका शब्दावर मग मी आठ महिने काढले. कधी नेट नाही म्हटले, कधी पेटी भरली म्हटले, कधी नुसती मान हलविली. तुम्ही खुर्ची ओढून म्हणत होता, "पेटी उघड, पाहू." मी पेटी उघडून तुम्हाला दाखवत होतो. दिनेशचे उत्तर मी आधीच दुसऱ्या कप्प्यात हलविलेले होते. सणाला येणारा त्याचा फोनही बंद झाला. "कामं असतीन त्याले," तुम्ही म्हणत होता, आणि नकाशात जाऊन झाड पाहत होता. ज्यांचे कागद सरकारी कपाटात अडतात त्यांच्यासाठी मी जन्मभर बोटे झिजविली. तुमचा कागद माझ्या खिशात अडला होता, आणि तो कोणत्या टेबलावर आहे हे तुम्हाला सांगणारा कोणी नव्हता.

मग एके दिवशी तुम्ही म्हणालात की तुम्हाला स्वतः टंकन शिकायचे आहे. प्रौढशिक्षणाच्या वर्गात तुम्ही सही करण्यापुरती अक्षरे गिरविली होती. एका बोटाने तुम्ही कळा शोधू लागलात. 'बाबू' हा शब्द पहिल्या रविवारी झाला. 'दिनेश'ला दोन रविवार लागले, कारण वेलांटी आधी दाबायची की नंतर यावर तुमचा आणि संगणकाचा वाद झाला. मी म्हटले, कशाला कष्ट घेता, मी आहे ना. तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "तुह्यं लिहिनं लय उंचावर असते रे. माह्या पोराले खाली वाकून बोललेलं समजते."

तुम्हाला कळले होते का, मावशी? हे मला विचारायचे राहिले. तुम्ही पेटीविषयी विचारणे त्याच सुमारास सोडले होते. मला त्या वेळी सुटल्यासारखे वाटले. दोन-तीन रविवार गेल्यावर ध्यानात आले की तुम्ही आता माझ्याकडे काहीच मागत नाही, आणि भाकर मात्र ठेवता.

ताप दोनच दिवस होता. सोमवारी कुंदाताईंचा फोन आला तेव्हा मी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहीत होतो. तो मी पूर्ण केला, वाचून दाखविला, अंगठा घेतला, आणि मग उठलो. असे का केले ते मला सांगता येत नाही.

दिनेश आला. त्याचे कपाळ तुमच्यासारखे आहे. मोक्षधामात सगळे त्याने नीट केले, कोणाशी फार बोलला नाही. नळावर पाय धुताना तो माझ्याजवळ आला. "तुम्हीच का ते अर्ज लिहिणारे?"

मी होय म्हटले.

"आई खरंच असं बोलली होती का? ते क्लेश न हजर राहा न…"

मावशी, मागे तुमची चिता अजून पेटलेली होती. मला एवढेच म्हणायचे होते की, नाही. त्याऐवजी माझ्या तोंडून माझ्या धंद्यातले वाक्य निघाले. मी म्हणालो, "मजकूर त्यांना वाचून दाखविला होता. त्यांना तो मान्य होता."

त्याने मान हलविली. "असंल," तो म्हणाला. "रागीट होतीच ती." तुमचा चष्मा आणि भाकरीचे फडके कुंदाताईंनी पिशवीत घालून त्याला दिले. ती पिशवी घेऊन तो नागपूरला गेला. तुमची माया मी एकदा पत्रातून काढली होती. त्या दिवशी सगळा राग तुमच्या नावावर टाकून मी स्वतः मोकळा झालो. वाचून दाखविण्याचा नियम मी कधी मोडला नाही, असे मी आजही शपथेवर सांगू शकतो. तो नियम कशासाठी आहे, हे मात्र मी तीस वर्षांत स्वतःला विचारले नव्हते.

गेल्या रविवारी आश्रमात गेलो. डाळीचे सूप भिंतीला टेकवून ठेवलेले होते. कुंदाताईंनी संगणक चालू केला आणि सवयीने तुमचे गाव उघडले. मग त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी हात मागे घेतला. आम्ही दोघे पाहत राहिलो. छप्पर होते. नाला होता. हिरवा गोल होता.

"याले अजून खबर नाही," मारोतराव मागून म्हणाले. कोणाविषयी, ते त्यांनी सांगितले नाही. त्या दिवशी त्यांनी पत्ते मागितले नाहीत.

घरी येऊन मी तारेवरचे कच्चे कागद उतरविले. वर्ष व्हायचे होते, म्हणून तुमचा होता. फेरफार, वारसनोंद, रेशनकार्ड यांच्यामध्ये ओवलेला. मी तो उभ्यानेच वाचला. तो तुम्हाला वाचून दाखवायचा राहिला होता, म्हणून आता इथे लिहितो, एक अक्षर न बदलता :

'बाबू दिनेश, मी बरी हाये. इथं एका डब्यात आपलं घर दिसते. चिंच बी दिसते, तशीच उभी हाये. तिले कोनी सांगतलंच नाही तोडली म्हनून. मी दर आयतवारी पायते. पाहून पाहून माहा राग गेला. तुले टाइम भेटला तं ये, दोघं मिळून पाहू. नाही आला तरी चालन. टायमावर जेवत जाय.'

आज पुन्हा रविवार आहे. मी आश्रमात लवकर आलो आणि तुमच्या खुर्चीत बसलो. तुमची फाईल उघडली. 'बाबू दिनेश' एवढे तुमच्या बोटाने आधीच लिहिलेले होते. त्याच्यापुढे मी कच्चा कागद उतरवीत गेलो. माझ्या हाताने दोनदा 'हाये'चे 'आहे' केले. दोन्ही वेळा मी ते मागे घेतले. शेवटी ओळ सोडून लिहिले : 'वरील शब्द तुमच्या आईचे आहेत. याआधी आलेले पत्र माझे होते. राग गेला हे वाक्य त्यातून मी काढले. तुमचे उत्तर मी त्यांना कधी वाचून दाखविले नाही. मोक्षधामात तुम्ही विचारलेत तेव्हा मी खरे सांगितले नाही.' एवढे लिहावयास मला सगळी सकाळ लागली. त्यात एकही 'सदरहू' नाही, हे तुम्ही ध्यानात घ्यावे.

तो मजकूर माझ्या ई-मेल पेटीतल्या नव्या पत्रात उतरविला आणि पाठविण्याच्या कळेवर उंदीर नेला तेव्हा संगणकाने एक चौकट पुढे केली. विषय लिहिलेला नाही. तरीही पाठवायचे का?

विषयावाचून मी आजवर एकही कागद पुढे जाऊ दिलेला नाही. माझे बोट त्या रिकाम्या रकान्याकडे वळलेही. काय लिहावे, असा विचार करीत मी बसलो, आणि 'विषय काय घालू?' याला तुम्ही दिलेले उत्तर मला ऐकू आले. ते तुम्ही मला आधीच देऊन ठेवलेले होते, आणि तेवढेच एक वाक्य मी कच्च्या कागदावर उतरवून घेतले नव्हते.

मी 'होय' दाबले.

कुंदाताई पलीकडच्या संगणकावर मारोतरावांचे पत्ते लावून देत होत्या. त्यांनी मान वळवून विचारले, "कोणाचं होतं?"

"वेणूमावशीचं," मी म्हणालो. "माझ्याकडे अडलं होतं."